पेंढ्याचा गोड वास

दिवाळी सरते, फराळाच्या डब्यांत तळाचा चुरा तेवढा उरतो, आणि ओलपाडच्या रस्त्याने भातकापणीची मोठाली यंत्रं हलत-डुलत जायला लागतात. त्या दिवसांत माझं नाक जागं होतं. शेतावर नवा आलेला माणूस मला बघून हसतो, कारण पेंढ्याचा गोल गठ्ठा दिसला की मी त्याच्यापाशी जाऊन वाकते आणि वास घेते, दूध नासलं का ते बघायला पातेलं हुंगावं तशी. कोरडा, धुळकट, थोडासा उन्हाचा वास आला की माझा जीव भांड्यात पडतो. त्यात जरा जरी गोडवा लागला तर मी तिथून हलत नाही. साजूक तुपात थबथबलेली घारी मिटक्या मारत खाणाऱ्या या सुरतेत गोड वासाला घाबरणारी बाई बहुधा मी एकटीच असेन.

यंदाही तो वास शोधत मी बांधाबांधाने फिरते आहे. ऊन कोवळं आहे, पायाखाली भाताची खुंटं टोचताहेत. लांब हजीऱ्याच्या बाजूला कारखान्यांचा धूर सरळ वर चढलाय, म्हणजे वारा पडलेला आहे. वारा पडलेला असला की मला तो हंगाम जास्तच आठवतो.

आम्ही खान्देशातले. लग्न होऊन मी सुरतेत, नवागामच्या एका खोलीत आले तेव्हा आमचे हे कडोदऱ्याच्या एका सांचाखात्यात कारीगर होते. सांचाखातं म्हणजे यंत्रमागांची शेड. तिथे इतका खडखडाट असतो की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला फक्त ओठ हलताना दिसतात. म्हणून कारीगरांनी हाताची बोली केलेली. करंगळी हलवली की धागा तुटला. दोन बोटं ओठांशी नेली की चहा आला. आणि अर्धवट मूठ हवेत सैल हलवली की बीम ढिला. बीम म्हणजे ज्यावर उभे धागे गुंडाळलेले असतात तो मोठा रूळ. बीम ढिला असणं ही खात्यातली सगळ्यात मोठी बेअब्रू. धागे लोंबतात, तुटतात, कापडाला खोट येते, आणि शेठ येऊन जे बोलतो ते कानांनी ऐकू आलं नाही तरी तोंडावरून कळतं. सुट्टीच्या दिवशीही हे माझ्याशी हातांनीच बोलायचे. आमटीत मीठ कमी पडलं तर अर्धी मूठ हलवायचे. मी चिडायचे, पण ती बोली शिकले.

मग ती बोली गरजेचीच झाली. यांचा डावा कान आधी गेला. उजव्यातही हळूहळू धुकं भरत चाललं होतं. डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं, गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते टिकवायचं असेल तर सांच्यापासून लांब राहा. यांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, काय म्हणतात? मी हातांनी सांगायला गेले आणि माझे हातच चालेनात. त्या उरलेल्या कानात माझी हाक होती. पाठीमागून, जवळून, जरा मोठ्याने "अहो" म्हटलं तर ते अजून वळत. तेवढं तरी मला हवं होतं. माझं मागणं काही फार मोठं नव्हतं.

यांचे थोरले भाऊ, नानाभाऊ, ओलपाडच्या बाजूला एका पटेलकाकांची जमीन भागाने करत. त्यांच्याकडे ट्रॅक्टर होता, जाऊबाईंच्या म्हशी होत्या आणि कापणीनंतर शेतभर पसरलेला पेंढा होता. यंत्राने भात कापलं की पेंढा ओळीने मागे पडतो, आणि तो उचलायला माणसं मिळत नाहीत म्हणून लोक काडी लावून मोकळे होतात. तोच पेंढा गोळा करून त्याचे गोल गठ्ठे बांधणारं यंत्र घ्यायचं, बेलर घ्यायचं, आपलं झालं की आजूबाजूच्या शेतांवर फिरवायचं, असं दोन्ही भावांनी ठरवलं. हे सांचा सोडून ट्रॅक्टरवर बसणार. मी मनातल्या मनात पेढे वाटले. पण दोन्ही घरं मिळून एकच यंत्र घेऊ शकणार होती. चुकलो तर दुसऱ्यांदा निवडायची सोय नव्हती, आणि हंगाम हातचा गेला की यांना पुन्हा कडोदऱ्याच्या त्याच शेडमध्ये, त्याच खडखडाटात उभं राहावं लागणार होतं.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीचा पोरगेला सेल्समन भावेश दोन बेलर दाखवायला घेऊन आला. एक पट्ट्यांचं, एक रोलरचं. दिवाळीत अवकाळीचा एक सडाका येऊन गेला होता. वरून पेंढा सोन्यासारखा दिसत होता; ओळ पायाने उलटली तर खाली काळपट, ओलसर. पण पटेलकाकांना पुढचं पीक घ्यायची घाई, भावेशला परत जायची घाई, आणि आम्हाला तर काय, वरातीला निघाल्यासारखी घाई.

दोन्ही यंत्रांतला फरक त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिला. पट्ट्यांच्या यंत्रात पेंढ्याची पहिली मूठ आत गेल्यापासूनच पट्टे तिला आवळतात. गठ्ठा आतून बाहेर कडक होत वाढतो, पाहिजे तेवढा लहान-मोठा करता येतो. रोलरच्या यंत्रात पेंढा आधी नुसताच गरगर फिरत राहतो, सैलसर. पोट भरलं की मग बाहेरचे थर दाबले जातात. म्हणून त्याचा गठ्ठा वरून घट्ट आणि आत मऊ. दोन्ही यंत्रं शेवटी वरून जाळी गुंडाळतात, मागचं दार उघडतं आणि गठ्ठा धप्पकन जमिनीवर येतो. तो धप्प आवाज यांना पायांतून कळला. तळपायाला हादरा बसला तसे लहान मुलासारखे हसले.

"देखो काका, ये बीच से ही टाइट बनता है," भावेश पट्ट्यांच्या गठ्ठ्यावर थाप मारत म्हणाला. "उसका पेट नरम रहता है." आणि यंत्राकडे वळता वळता पुढचं बोलला, "माल सूखा होय तो आ बेस्ट. बाकी तमारी मरजी."

हे त्याच्या ओठांकडे बघत होते. 'टाइट' त्यांना दिसलं. तोंड वळवून तो जे बोलला ते दिसलं नाही. माल सुका असेल तरच, हे आम्ही बाकीच्यांनी ऐकलं. पण ऐकणं आणि मनावर घेणं यांत फार अंतर असतं.

यांनी पट्ट्यांच्या गठ्ठ्यावर तळवा ठेवला. दाबला. बोटं रुतेनात. मग रोलरच्या गठ्ठ्यापाशी गेले, बाजूने मधोमध मूठ खुपसली. ती मनगटापर्यंत आत गेली आणि यांचं तोंड कडू झालं. माझ्याकडे वळून त्यांनी अर्धी मूठ हवेत हलवली. बीम ढिला.

"नानाभाऊ, हाऊ माल शे," पट्ट्यांच्या गठ्ठ्यावर हात फिरवत ते म्हणाले. "हात लाई देख."

"माल शे, पन पट्टा फाटना ते?" नानाभाऊंनी हळूच विचारलं. "जितलं कमी फिरस, तितलं कमी मोडस. रोलरनं लेऊ, आप्पा."

यांनी मान फिरवली. बहिऱ्या माणसाकडे हे एक फार मोठं हत्यार असतं. ऐकायचं नसलं की ते नुसती मान फिरवतात, आणि मग जगातल्या कुठल्याही शहाण्याला त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही. नानाभाऊ ओरडून थकले आणि विडी ओढायला निघून गेले. भावेश सांगून गेला, देवदिवाळीपर्यंत कळवा. कामरेजकडचा एक शेतकरी पट्ट्यांच्या यंत्रासाठी थांबलेला आहे. दोन्ही यंत्रांचे गठ्ठे आम्ही ढकलत ढकलत म्हशींच्या गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याखाली रचले, पट्ट्यांचे आतल्या भिंतीशी आणि रोलरचे बाहेरच्या अंगाला.

आम्ही तेव्हा नानाभाऊंकडेच मुक्कामाला होतो, आणि ते दिवस मला अजून अंगावर येतात. यांनी ठरवून टाकलं होतं आणि नानाभाऊ तोंड उघडत नव्हते. दोघं भाऊ एकाच ताटलीतली भाकरी मोडत, पण एकमेकांकडे बघत नसत. लाभपाचमीला खाती पुन्हा सुरू व्हायचे मुहूर्त झाले आणि कडोदऱ्याहून, कारीगरांवर देखरेख करणाऱ्या मास्तरांचा फोन आला. फोन अर्थात मीच घेतला. "ताई, देवदिवाळीपर्यंत त्यांचे सांचे राखतो," मास्तर म्हणाले. माणूस भला. "पुढे दुसरा कारीगर लावावा लागेल, शेठ थांबायचा नाही." एकाच देवदिवाळीला इकडचं दार लागणार होतं आणि तिकडचंही. मी फोन ठेवला आणि यांना सांगितलं. ते म्हणाले, सांग, येत नाही म्हणून. पट्ट्यांचं यंत्र घेतलं समज. मला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही.

मग तो वास सुरू झाला. सकाळी चुलीवर पाणी ठेवायला बाहेर आले तर हवेत काहीतरी गोड. उसाच्या गुऱ्हाळाजवळून जाताना येतो तसा, काकवीचा. मला वाटलं, बारडोलीकडून कुठून तरी येत असेल.

"कितला गोड वास ई ऱ्हायना, मंगल!" जाऊबाई शेणाची पाटी घेऊन उभ्या राहून म्हणाल्या. त्या खूश होत्या. म्हशी असा पेंढा आवडीने खातील म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वास जास्त. आणि नानाभाऊंचं कुत्रं, जे एरवी चुलीच्या राखेत झोपायचं, ते गठ्ठ्यांच्या फटीतून आत शिरून भिंतीच्या बाजूला जाऊन पडलं होतं. कोंबड्याही तिकडेच. बाहेरच्या गठ्ठ्यांना टेकायला जागा होती, तरी एकही जनावर तिथे बसेना. मी उगाच बघत राहिले. आमच्या गावी थंडीत कुत्री उकिरड्यावर झोपतात. वरून गार दिसणाऱ्या उकिरड्याच्या पोटात हात घातला तर चटका बसतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तेच इथे आठवलं.

मी फटीतून आत गेले. भिंतीकडच्या गठ्ठ्याला हात लावला. वरून कोमट. कोमट म्हणजे किती, हे कसं कळणार? खमण शिजलं का ते बघायला आपण सुरी खुपसतो, तशी गोठ्यातली लोखंडी सळई घेतली आणि अंगातला सगळा जोर लावून त्या कडक गठ्ठ्यात घातली. ती जाता जाईना. कशीबशी आत सरकली. मी तिथेच उभी राहिले. बाहेर म्हशी रवंथ करत होत्या. जाऊबाई कुठल्या तरी गोष्टीवर हसत होत्या. आणि मी एका सळईकडे बघत देवाचं नाव घेत होते.

मग सळई ओढून काढली. टोकाला नुसतं बोट लागलं आणि बोट भाजलं.

हे अंगणात ट्रॅक्टरचं चाक बघत बसले होते. मी समोर जाऊन सांगायला लागले. गठ्ठा, गरम, आत. त्यांनी 'गठ्ठा' ओळखलं आणि त्यांना वाटलं, नानाभाऊंनी मला पढवून पाठवलंय. त्यांनी मान फिरवली. मी त्या बाजूला गेले. त्यांनी या बाजूला फिरवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने आणि भीतीने, दोन्हीने. शेवटी मी त्यांचा हात धरला आणि ज्या तळव्याने त्यांनी माल पारखला होता त्याच तळव्यावर सळईचं टोक टेकवलं.

त्यांनी हात झटकला. माझ्याकडे पाहिलं. मग हळूहळू त्यांची नजर माझ्या खांद्यावरून गोठ्याकडे गेली.

पुढचं सगळं भर दुपारी, लख्ख उन्हात झालं, आणि तरी मला ते अंधारातल्यासारखं आठवतं. आधी म्हशी सोडल्या. जाऊबाईंनी प्रत्येकीला नावाने हाक मारून शेताच्या पलीकडे नेलं. नानाभाऊंनी बोअर सुरू करून पाइप ओढत आणला. बाहेरचे गठ्ठे ढकलून वाट केली आणि मग दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून भिंतीकडचे गठ्ठे बाहेर ढकलायला लागले. मी पिंप भरत होते आणि वाऱ्याकडे बघत होते. वारा पडलेला होता. तसाच राहू दे, तसाच राहू दे, एवढंच मनात.

शेवटचा गठ्ठा मोकळ्या रानात पोचला तेव्हा त्याच्या जाळीतून वाफेसारखं काहीतरी निघत होतं. नानाभाऊंनी विळ्याने जाळी कापली. यांनी पहिला थर उलगडला, पिवळा. दुसरा तपकिरी. तिसरा तंबाखूसारखा काळा. आणि मग गठ्ठ्याच्या पोटातून धुराचा लोट उठला, हवा लागताच आत लाल ठिणग्या उघडमीट करायला लागल्या. "माघे सर, आप्पा!" नानाभाऊ ओरडले. यांना ऐकू गेलं नाही. ते त्या लाल डोळ्यांकडे खिळल्यासारखे बघत होते. मी धावले आणि पाठीमागून त्यांचा शर्ट धरून ओढलं. नानाभाऊंनी पाइपचं पाणी सोडलं. चर्रर्र झालं, आणि तो गोड वास एकदम कडू, जळका होऊन सगळ्या रानावर पसरला.

भीती ओसरल्यावर यांनी रोलरचा एक गठ्ठा उघडला. कुणी सांगितलं नव्हतं. आत पेंढा सैल होता, हाताला ओलसर, जरासा कुबट, एके ठिकाणी बुरशीची पांढरी छटा. पण गार. त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला, कितीतरी वेळ. मग मोठ्या आवाजात, बहिरी माणसं बोलतात तसं, रानालाच सांगितल्यासारखं म्हणाले, "हाऊ बीम नही. हाऊ जित्ता शे."

तेव्हापासून त्या वाक्याने माझी पाठ सोडलेली नाही. बीमवरचा धागा मेलेला असतो. त्याला कितीही आवळा, तो तक्रार करत नाही. पेंढा कापला तरी काही दिवस श्वास घेतो. ओल आत ठेवून त्याला आवळलं की तो आतल्या आत तापतो. सुरतेत आल्यापासून आम्ही घट्ट बांधणंच शिकलो होतो. एका खोलीत सहा माणसं, टेम्पोत ठासून भरलेले साड्यांचे तागे, गावी नेताना दोरीने करकचून बांधलेली बोचकी. सैल म्हणजे आळस, सैल म्हणजे खोट. अशा माणसाच्या तळव्याने पेंढा पारखला तर तो कडक गठ्ठाच उचलणार. यांना तरी मी काय बोल लावू? त्या दिवशी यांनी विचारलं असतं तर मीही तोच दाखवला असता.

भावेशला फोन केला तेव्हा तो बिचारा घाबरला. त्याचं काही चुकलं नव्हतं. पट्ट्यांचं यंत्र वाईट नाही. कामरेजच्या त्या शेतकऱ्याने घेतलं, तो पेंढा खडखडीत वाळल्यावरच बांधतो, त्याचे गठ्ठे ट्रकमध्ये नीट बसतात आणि उघड्यावर पाऊसही झेलतात. पण आमच्याकडे खाडी जवळ. सकाळी दहिवर इतकं पडतं की चपला पायांतून निसटतात, आणि पटेलकाकांची घाई काही त्यांच्या जन्मात सुटणार नाही. ओल आमच्या नशिबातच आहे, तर पोटात थोडी हवा ठेवणारं यंत्रच बरं. देवदिवाळीच्या दिवशी रोलरचं बेलर दारात आलं. जाऊबाईंनी त्याला कुंकू लावलं. दोघा भावांनी एकाच नारळाचं खोबरं खाल्लं, आणि नानाभाऊंनी यांच्या पाठीवर असा एक धपाटा घातला की तो ऐकायला कान लागलेच नसते.

वाळवल्याशिवाय आम्ही आता कुठलाच गठ्ठा बांधत नाही, मऊ पोटाचाही नाही. हंगाम सुरू झाला की साड्यांवर टिकल्या लावायचं काम मी बाजूला ठेवते आणि ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसते. गठ्ठा भरला की यंत्र भोंगा वाजवतं, तो यांना इंजिनाच्या आवाजात कळत नाही. मी खांद्यावर थाप मारते, हे ट्रॅक्टर थांबवतात, जाळी गुंडाळली जाते. लोक आम्हाला बघून गंमत करतात. करू देत. ट्रॅक्टरचाही आवाज असतोच, म्हणून मी यांच्या कानांवर डॉक्टरांनी दिलेली झाकणं चढवते आणि काढली की रागावते.

आणि दर हंगामात एकदा, यांना न सांगता, मी एक परीक्षा घेते. आजचीच गोष्ट. दुपारी जेवायची वेळ झाली, ट्रॅक्टर बंद होता, झाकणं गळ्यात लोंबत होती. हे माझ्याकडे पाठ करून एका गठ्ठ्यापाशी वाकले होते. मी भाकरीचं फडकं हातात घेऊन थांबले. गेल्या वर्षी उभी होते त्यापेक्षा जवळ जायचं नाही, असं मनाला बजावलं. हाक मारली.

"अहो!"

ते वळले नाहीत.

बांधावरून एक बगळा उडाला. मी तिथेच, फडक्याची गाठ मुठीत धरून. पुन्हा हाक मारावी तर धीर होईना, कारण दुसऱ्या हाकेलाही ते वळले नाहीत तर मग माझ्याकडे काहीच उरणार नव्हतं.

गठ्ठ्याच्या मधोमध मूठ खुपसलेली तशीच ठेवून, मागे न बघता, ते वैतागून म्हणाले, "हां, ऐकू उनं, ऐकू उनं. हाऊ गठ्ठा जास्तच ढिला वाटस, तेवढा देखू दे."